मधली

टोप्या पाच. तीन पांढऱ्या, दोन काळ्या.
सैरा एजेकेंनी स्वतः शिवलेल्या:
पांढऱ्या नव्या नमद्याच्या,
काळ्या कुणाच्या तरी खोगिराखालच्या जुन्या तुकड्यातून.
जानेवारीत नारीनची नदी बोलायची थांबते.
शाळेला सुट्टी, आमचा वर्ग मात्र चालू,
बिश्केकची स्पर्धा सहा आठवड्यांवर आलेली.

बाकावर एकामागे एक आम्ही तिघं.
सगळ्यांत मागे कान्यकेय, तिला आमची दोघांची डोकी दिसत.
मधे मी. मला फक्त तिलेकचं डोकं.
पुढे तिलेक. त्याला फळा, आणि खिडकीच्या काचेवर गोठलेलं पांढरं गवत.

डोळे मिटा, म्हणाल्या, आणि टोप्या चढवल्या.
उरलेल्या दोन कोटाखाली लपवल्या.
"मागे वळायचं नाही.
कुणी खोटं बोलत नाही
आणि तिघांनाही डोकं सारखंच आहे, हे गृहीत धरा."
कान्यकेय खुदकन हसली.
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, माहीत नाही.

आता मी.
तिला माहीत नाही, म्हणजे आम्ही दोघंही काळे नाही.
इथवर आले आणि वाट बर्फात शिरली.
समोर पांढरी असल्यावर माझी काहीही असू शकते.
तीनदा मागे जाऊन पाहिलं, तिन्ही वेळा तिथंच.
माहीत नाही, म्हणाले, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

घरी हे दोन शब्द रोजचे होते.
बाबा मॉस्कोहून कधी येणार? माहीत नाही.
कोळसा मार्चपर्यंत पुरेल? माहीत नाही.
विहिरीत खडा टाकावा
आणि वाजूच नये, तसे.

"माझी पांढरी," तिलेक म्हणाला.
ज्याला काहीच दिसत नव्हतं, तो.
"कान्यकेयला दोन काळ्या दिसल्या असत्या तर तिला कळलं असतं.
एवढं हिला ठाऊक.
मग माझी काळी असती तर हिला कळलं असतं.
हिला कळलं नाही. म्हणून."

एजेकेंनी खडू ठेवला, हात झटकले.
बोलल्या माझ्याशी, त्याच्याशी नाही:
"विचार करून म्हटलेलं 'माहीत नाही' फुकट जात नाही, पोरी.
ते पुढच्याच्या पदरात पडतं."

माझी टोपी काळी निघाली.

बिश्केकला तिलेकला रौप्यपदक.
मला प्रमाणपत्र, त्यावर आडनाव चुकलेलं.
परतताना दोलोन खिंडीत गाडी बंद पडली
आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एकच पाव खाल्ला.

परवा त्याचा फोन आला, नोवोसिबिर्स्कहून. वीस वर्षांनी.
मुलांची चौकशी, गुडघेदुखी, मग म्हणाला,
एक सांगू? मला तेव्हा आधीच कळलं होतं.
काळ्या टोप्यांना घोड्याचा वास यायचा.
वास येत होता,
पण मागून.

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.
वास मलाही येत होता की रे.
माझ्याच डोक्यावर होता तो.
पण आमच्याकडे तीन घोड्या,
माझ्या वेण्या, बाह्या, गणिताची वही, सगळं त्याच वासाचं.
स्वतःच्या घराचा वास
पुरावा म्हणून कोण धरतं?

मग लगेच का नाही बोललास?
"तुम्ही दोघी विचार करत होता. मधेच कसं बोलणार?
आणि वासाला कोण गुण देतं?"

आता त्याच बाकाशी मी उभी असते.
टोप्या नव्या शिवल्यात, पाचही एकाच नमद्याच्या,
दोन रंगवून, तीनदा धुऊन.
मधल्या मुलाचं उत्तर आलं
की सगळ्यांच्या माना पुढच्याकडे वळतात.
मी मधेच बघत राहते.

काल तिथं बेगायम बसली होती.
तोंड उघडण्याआधी तिनं हळूच
एक लांब श्वास आत घेतला, नाकानं.

मी काही म्हणाले नाही.